चौकटीबाहेरची होडी

जपानच्या होक्काइडो बेटावर, शिरेतोको द्वीपकल्पाच्या काठाला राउसु नावाचे कोळ्यांचे गाव आहे. फेब्रुवारीत ओखोत्स्क समुद्रातला बर्फ वाहत या गावासमोर येतो आणि त्यावर स्टेलरचे समुद्रगरुड उतरतात. पंखांचा विस्तार २ मीटरहून अधिक, मादीचे वजन कधी ९ किलोपर्यंत! वीण रशियाच्या किनाऱ्यावर, हिवाळा इथे. राउसुला जाऊन आलेल्या निसर्गनिरीक्षकांची वर्णने आणि अनुबोधपट आपल्यापैकी काहींच्या पाहण्यात आले असतील. त्यांच्याविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते.

आधी गुण सांगायला हवेत. हाडे गोठवणाऱ्या थंडीत, पहाटे होडीवर उभे राहून केलेल्या या नोंदी बारकाईच्या असतात. एका गरुडाने दुसऱ्याच्या पंजातला मासा कसा हिसकावला, हे त्यांतून नेमके कळते.

पण बर्फावर तो मासा आला कुठून? बहुतेक वेळा पर्यटकांच्या होडीवरून तो टाकलेला असतो. होडी मात्र चौकटीबाहेर राहते आणि पाहणाऱ्याला वाटते, इथे माणसाचा वावरच नाही.

हा प्रश्न केवळ प्रामाणिकपणाचा नाही. या किनाऱ्यावर गरुड मोठ्या संख्येने जमत, त्याचे एक मुख्य कारण पोलॉक माशाची मासेमारी हे होते. जाळ्यांतून सुटलेले आणि फेकून दिलेले मासे त्यांना आयते मिळत. १९९० च्या सुमारास ही मासेमारी कळसाला पोचली आणि मग झपाट्याने घसरली. त्याच काळात होक्काइडोत हरणांची संख्या वाढली होती. शिकाऱ्यांनी मागे टाकलेली हरणे बरेच गरुड खाऊ लागले. मांसाबरोबर गोळ्यांतल्या शिशाचे कणही पोटात गेले. १९९६ पासून शिशाच्या विषबाधेने मेलेले गरुड आढळू लागले. हरणांच्या शिकारीत शिशाच्या रायफल-गोळ्या वापरण्यावर तिथे २००० साली बंदी आली.

ज्याच्या वहीत जाळ्यांची नोंद आहे, त्याला ही साखळी जुळवता येते. ज्याने फक्त बर्फ आणि पक्षी पाहिले, त्याला हे मृत्यू कोडेच वाटणार.

माणसाचा हात दिसला म्हणजे निसर्ग बिघडला, असेही समजू नये. याच भागातल्या दुर्मीळ ब्लॅकिस्टन मत्स्यघुबडासाठी जपान सरकारने १९८४ पासून घरट्यांच्या पेट्या लावल्या, काही ठिकाणी मासेही पुरवले. घुबडांची घटती संख्या सावरायला त्याची मदत झाली. म्हणून हात लपवू नये; त्याने काय केले ते लिहावे.

शिक्षकांनी असे चित्रण वर्गात जरूर दाखवावे. दाखवून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा : या प्राण्याचे अन्न इथे कसे आले? निरीक्षणाचा खरा तास तिथून सुरू होईल.