धुक्यातली भीती : चित्रे जुनी झाली की खेळ घाबरवायचा थांबतो का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि व्हिडिओ गेम हा त्याच्या आवडीचा विषय. 'सायलेंट हिल' हा १९९९ सालचा गाजलेला भीतीचा खेळ त्याने संगणकावर लावला, आणि पहिली दहा मिनिटे तो नुसता हसत होता. "मामा, याच्या हाताला बोटंच नाहीत, ठोकळा आहे ठोकळा!" तक्रार रास्त होती. चेहरे धुरकट, भिंती थरथरणाऱ्या आणि माणूस लाकडी बाहुलीसारखा चालणारा. पण अर्ध्या तासाने मी चहा घेऊन आलो, तेव्हा हसणे बंद झाले होते आणि खोलीतला दिवा त्याने लावून घेतला होता.

एका भाच्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण 'चित्रे जुनी झाली की भीती संपते' असे आपण फार सहज म्हणतो. हे म्हणणे कितपत टिकते, ते काही खेळ समोर ठेवून तपासून पाहू.

धुके आले कोठून?

'सायलेंट हिल'ची गोष्ट साधी आहे. हॅरी मेसन नावाचा गृहस्थ हरवलेल्या मुलीला शोधत एका ओसाड गावात फिरतो. गावावर दाट धुके पसरलेले आहे. चार पावलांपलीकडचे दिसत नाही.

हे धुके कथेपुरते नव्हते. ती यंत्राची गरजही होती. हा खेळ ज्या 'प्लेस्टेशन' यंत्रासाठी केला, ते डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीला आले. त्याची मुख्य स्मृती होती २ मेगाबाइट आणि चित्रांसाठी वेगळी १ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा बहुधा याहून मोठा भरतो. एवढ्या साधनात अख्खे गाव उभे करायचे होते.

आता थोडे गणित. समोर ठरावीक कोनात दिसणारी जमीन हा वर्तुळाचा एक पाचर-तुकडा असतो, आणि त्याचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नजरेचा पल्ला दुप्पट केला, की यंत्राला चौपट जमीन, घरे आणि झाडे रेखाटावी लागतात. तिप्पट केला, तर नऊपट. तेव्हा पल्ला आखूड ठेवणे भाग होते. पण नुसता आखूड ठेवला, तर घरे एकाएकी शून्यातून उगवल्यासारखी दिसतात. मग दिवसा धुके आणि रात्री काळोख पसरला, म्हणजे ही अडचण झाकली जाते.

कर्त्यांचे कौशल्य पुढे आहे. ही अडचण त्यांनी नुसती झाकली नाही, कामाला लावली. सुरुवातीला एका उपाहारगृहात हॅरीला एक छोटा रेडिओ सापडतो. तो कोणतेही केंद्र लावत नाही; पण अचानक खरखरू लागतो, आणि पाठोपाठ खिडकीची काच फोडून एक पंखवाला प्राणी आत येतो. त्या क्षणी खेळणारा एक नियम शिकतो : रेडिओ खरखरला, म्हणजे जवळ काहीतरी आहे. त्यानंतर तो धुक्यात बाहेर पडतो. रेडिओ सांगतो 'आहे', पण 'कोठे' ते सांगत नाही. धुके तर काहीच सांगत नाही. या दोहोंमध्ये जी फट राहते, तिच्यात भीती वस्तीला येते. या फटीला चित्राच्या सुबकतेशी काही देणेघेणे नाही, म्हणून ती १९९९ मध्ये जेवढी रुंद होती, तेवढीच आजही आहे.

आकडेवारीत सांगायचे, तर त्या काळच्या खेळांचे चित्र साधारण ३२० × २४०, म्हणजे ७६,८०० बिंदूंचे असे. आजचा १९२० × १०८०चा पडदा २०,७३,६०० बिंदूंचा, म्हणजे बरोबर २७ पट. जुन्या पडद्यावर दूरची आकृती जेमतेम वीसतीस बिंदू उंच असायची. तिला हात किती, तोंड कोणीकडे, हे कळत नसे. उरलेले चित्र खेळणाऱ्याला मनातच पुरे करावे लागे, आणि मन अशा वेळी दयाळू नसते.

एकाच खेळाच्या तीन कसोट्या

"ही नाइलाजाची गोष्ट झाली, चांगले यंत्र असते तर त्यांनी धुके काढलेच असते," असा आक्षेप येथे घेता येईल. सुदैवाने या आक्षेपाचे उत्तर प्रत्यक्षच मिळाले आहे.

'सायलेंट हिल २' हा पुढचा खेळ २००१ साली 'प्लेस्टेशन २'वर आला. हे यंत्र आधीच्यापेक्षा कितीतरी समर्थ होते. तरी धुके राहिले. म्हणजे जी पूर्वी अडचण होती, ती आता निवड झाली होती.

दुसरी कसोटी नकळत घडली. २०१२ साली हाच खेळ अधिक स्पष्ट चित्रांसह नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढण्यात आला. काही ठिकाणी धुके विरळ झाले आणि जे दिसू नये, ते दिसू लागले. जाणकारांनी या आवृत्तीवर कडक टीका केली. कथा तीच, राक्षस तेच, बिंदू कितीतरी जास्त. आणि परिणाम मात्र उणा. चित्राची स्पष्टता आणि भीती यांचे प्रमाण सरळ असते, तर असे झाले नसते.

तिसरी कसोटी २०२४ सालची. पोलंडमधील ब्लूबर टीम या संस्थेने तोच खेळ पायापासून नव्याने उभारला. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा दिसावी एवढी चित्रे सुधारली. पण धुके ठेवलेच. या आवृत्तीचे चांगले स्वागत झाले. म्हणजे नवी चित्रे भीतीच्या आड येतात असेही नाही. काय दाखवायचे याइतकेच काय झाकायचे, हे कळले पाहिजे.

मग म्हातारे काय झाले?

जुन्या खेळांत काहीच जुने झालेले नाही, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल.

१९९२ सालचा 'अलोन इन द डार्क' हा फ्रेंच खेळ घ्या. सपाट रंगांच्या थोड्याशा बहुभुजांनी जोडलेला त्यातला राक्षस आज कागदी खेळण्यासारखा दिसतो. तो समोर येतो आणि भीती जाते. पण त्याच खेळाची सुरुवात पाहा. आपण माळ्यावर असतो. खिडकीतून काहीतरी आत येणार असते, आणि तेथले जड कपाट ढकलून आपण ती खिडकी अडवू शकतो. आपल्या हातांनी कपाट ढकलतानाची ती घाई आजही खरी वाटते. चित्र म्हातारे झाले. कृती झाली नाही.

१९९६ सालच्या 'रेसिडेंट इव्हिल'चेही असेच. त्यातले संवाद इतके कृत्रिम आहेत, की गंभीर प्रसंगी हसू येते. वळताना आणि चालताना होणारी कसरत तर धड भीतीही देत नाही. चारदा मेल्यावर नुसता वैताग येतो. पण त्यात कॅमेरा प्रत्येक ठिकाणी एकाच जागी खिळलेला असतो. त्यामुळे कोपऱ्यापलीकडचे कण्हणे आधी ऐकू येते आणि कण्हणारा दिसत नाही. ही युक्ती अजून चालते.

या खेळात एका अरुंद वाटेवर खिडक्या फोडून कुत्री आत झेपावतात. २००२ साली शिंजी मिकामी या मूळ दिग्दर्शकानेच हा खेळ नव्या चित्रांसह पुन्हा केला. जुन्या खेळाडूंना कुत्री कोठे येतात हे पाठ होते. म्हणून त्याने काय केले? पहिल्या फेरीत काचेला फक्त तडा जातो. कुत्री येतच नाहीत. ती येतात नंतर, आपण निर्धास्त झाल्यावर. भीती रंगात नसून अपेक्षेत असते, हे तो दिग्दर्शक पुरते ओळखून होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे खेळ काचनळीच्या दूरदर्शन संचासाठी रेखाटलेले होते. त्या पडद्यावर शेजारचे बिंदू एकमेकांत किंचित मिसळत आणि कडा मऊ होत. आजच्या सपाट पडद्यावर प्रत्येक बिंदू चौकटीसारखा वेगळा दिसतो. तेव्हा ज्याला आपण खेळाचे म्हातारपण म्हणतो, त्यातले काही आपल्या पडद्याचे देणे आहे.

आवाजाविना पावले

सर्वांत टोकाचे उदाहरण १९८१ सालचे. 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ' हा खेळ माल्कम इव्हान्स यांनी झेडएक्स ८१ या संगणकासाठी लिहिला. स्मृती जोड देऊन १६ किलोबाइट. रंग नाहीत. आवाज नाही. खेळणारा चक्रव्यूहात, आणि त्याच चक्रव्यूहात एक टायरॅनोसॉरस. ओबडधोबड ठोकळ्यांचा तो डायनोसॉर आज कोणाला घाबरवणार नाही. पण तो दिसण्याआधी पडद्यावर एक ओळ उमटते : पावले जवळ येत आहेत. मुक्या यंत्राने पावलांची वर्दी द्यावी आणि ऐकणाऱ्याने मागे वळून पाहावे, ही युक्ती आजीच्या भुताच्या गोष्टीइतकी जुनी आहे. ती गोष्टही चित्राविनाच चालत आली.

तेव्हा माझा निवाडा असा : ज्या खेळाने भीतीचे सारे ओझे चित्रावर टाकले, तो चित्राबरोबर थकला. ज्याने ते खेळणाऱ्याच्या मनावर टाकले, तो टिकला. बहुतेक खेळांत दोन्ही भाग असतात, आणि समीक्षकाचे काम ते वेगळे करून दाखवण्याचे आहे. सरसकट 'जुने ते भाबडे' म्हणणे जितके उथळ, तितकेच 'जुने तेच खरे' म्हणणेही.

शिक्षकांसाठी दोन शब्द. हे खेळ वर्गात दाखवण्याचे नाहीत. अमेरिकेत 'सायलेंट हिल' आणि 'रेसिडेंट इव्हिल' १७ वर्षांवरील खेळाडूंसाठी ठरवलेले आहेत. पण त्यांच्यातला मुद्दा वर्गात तपासता येतो. एखाद्या ओळखीच्या वस्तूचा फोटो संगणकावर अगदी मोजक्या चौकटींचा करून दाखवा आणि काय दिसते, ते प्रत्येकाला न बोलता लिहायला सांगा. चौकटी टप्प्याटप्प्याने वाढवत जा. दर टप्प्याला किती वेगवेगळी उत्तरे आली, ते फळ्यावर मांडा. चित्र स्पष्ट होत जाईल, तशी उत्तरे कमी होत जातील आणि शेवटी एकच उरेल. अनेक उत्तरे शक्य असतात, तेव्हाच मनाला काम असते, हे मुलांना आपोआप कळेल. मग एखादे जुने चित्र पाहून वर्गात हशा पिकला, तर एवढेच विचारा : "दहा मिनिटांनी पुन्हा हसाल का?"