बीबी का मकबरा : नकलेच्या शिक्क्याआड

औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याला 'गरिबांचा ताजमहाल' म्हणण्याची प्रथा इतकी रुळली आहे की, आपणही पाहुण्यांना तो दाखवताना ओशाळून म्हणतो, "ताजसारखाच आहे, पण लहान." आमचा आक्षेप या 'पण'ला आहे.

साम्य आहेच. चारबाग, चार मिनार, मधला घुमट ही मांडणी ताजचीच. दारावरच्या लेखात वास्तुकार अताउल्लाचे नाव आहे. तो ताजशी निगडित उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाची कला मुलाच्या हाती आली तर एरवी आपण तिला परंपरा म्हणतो. मग इथेच नक्कल का? त्याच लेखात हंसपतराय या अभियंत्याचेही नाव आहे.

मिनारांच्या मानाने मुख्य इमारत आवळल्यासारखी वाटते, ही टीका मात्र रास्त आहे. संगमरवरही खालच्या पट्ट्यात आणि घुमटालाच आहे. मधला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, वरून घोटीव गिलावा. पण या गिलाव्यातली वेलबुट्टी जवळून पाहावी. साधने कमी असली म्हणून कारागिराने हात आखडता घेतलेला नाही. मकबऱ्याचे खरे वैभव इथे आहे आणि ताजशी तुलना करण्याच्या नादात नेमके तेच पाहायचे राहून जाते.

मुलगा आझमशाहने आईसाठी मकबरा बांधला, ही कथाही तपासायला हवी. आझमचा जन्म १६५३चा. आई दिलरास बानो वारली १६५७ मध्ये आणि बांधकामाचे साल १६६०-६१ मिळते. सात-आठ वर्षांचे मूल मकबरा बांधत नाही. पुढे त्याने डागडुजी केली असेल, तर ती वेगळी बाब. बांधकाम औरंगजेबाच्याच कारकिर्दीतले. तरी मुलाची कथा टिकली, कारण ती सगळ्यांच्या सोयीची आहे. औरंगजेबाचा द्वेष करणाऱ्यांना त्याच्यातला नवरा नको असतो. त्याला दरवेश मानणाऱ्या आपल्यातल्या काहींना हा खर्च अडचणीचा वाटतो. स्वतः तो खुलताबादला उघड्या कबरीत आहे. मकबऱ्यामुळे त्याच्या राजवटीचा हिशेब बदलत नाही. पण गैरसोयीचे ते गाळून वारसा सांगता येत नाही.

या वादात जिच्यासाठी हे सारे उभे राहिले, ती बाईच हरवते. दरबाराने तिला 'राबिया-उद-दौरानी' हा किताब दिला. लोकांच्या तोंडी राहिले ते साधे 'बीबी'. पुढच्या वेळी पाहुण्यांना नेऊ तेव्हा ताजचे नाव न काढता आधी तिचे नाव सांगू, मग दारावरची ती दोन नावे.