पारपत्र आणि पारख

माणसाची पारख त्याच्या देशावरून वा बोलीवरून करणे सोपे असते. ते न्याय्य क्वचितच असते. या अन्यायाची झळ स्वतः सोसलेल्या एका लेखकाचा ग्रंथ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलेला हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला.

लेखक मूळचे व्हिएन्नाचे. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा त्यांच्याजवळ जर्मन पारपत्र होते. तेवढ्यावरून ते शत्रुपक्षीय ठरले व त्यांच्या वावरास हैदराबाद संस्थानाची हद्द पडली. पुढे १९४० मध्ये कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी जोडेघाट येथे पडला आणि गोंडांच्या असंतोषाचे कारण शोधणे सरकारास भाग पडले. त्या कामी हेच गृहस्थ उपयोगी पडले. मारलवाई गावी राहून, गोंडी शिकून त्यांनी हे लोक जवळून पाहिले.

बाजारपेठेत गोंडाला आळशी, उधळा म्हणून निकालात काढण्याची रीत जुनीच. दिवाळीच्या सुमारास एका गावचे दंडारी नाचे, मोरपिसांचे टोप ल्यालेले गुसाडी घेऊन, दुसऱ्या गावी पाहुणे जातात व यजमान गाव त्यांस जेवू घालते. परक्यास यात केवळ उधळपट्टी दिसते. आपल्या देवळातील समाराधनेस कोणी तसे म्हटले तर आपणांस रुचेल काय? लेखक अशा आचाराचा अर्थ गोंडांच्याच कुळ-दैवतांत व सोयरिकीत शोधतात. ग्रंथाचे खरे मोल येथे आहे.

उणीव एक जाणवते. गोंडाचे जसे सर्वांगी दर्शन घडते तसे बाजारातील मराठी-तेलुगू माणसाचे घडत नाही. विषयाची ती मर्यादा आहे, हे आम्ही जाणतो; परंतु वाचकाने तिचे ठोकळे बनवू नयेत. गोंडांच्या जमिनी गेल्या हे सत्य आहे आणि ज्यांनी त्या बळकावल्या त्यांस दोष दिलाच पाहिजे. तो दोष बोथच्या प्रत्येक मराठी कुणब्याच्या माथी का मारावा? १९५६ मध्ये राजुरा, किनवट मराठी मुलखात आले. बोथ आंध्रात राहिले व २०१४ पासून तेलंगणात आहे. तेथील मराठी माणूस एकीकडे परप्रांतीय, तर दुसरीकडे अर्धा तेलुगू गणला जातो. पारपत्र पाहून माणूस ठरविण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

गोंडास लावलेली कसोटी त्याच्या शेजाऱ्यासही लावीत हा ग्रंथ वाचावा, अशी आमची शिफारस आहे.