अपूर्णब्रह्मातील चान्या

भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत घरभेटीला गेलो की कधीकधी आम्हांला असा अनुभव येतो : माउली चुलीवरचे भांडे घाईने झाकते आणि फादरांसाठी म्हणून कोंबडी शिजायला घालते. झाकलेल्या भांड्यात काय आहे हे वासावरून कळते. त्या भांड्यावर एक मराठी ग्रंथ आहे. त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातील महार-मांग घरांच्या आहारावर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ लिहिला. ज्यांच्या पानात दूध-तूप पडले नाही, त्यांचे ब्रह्म पूर्ण कसे, हा प्रश्न त्या नावातच आहे.

या ग्रंथाने दखल घेतलेल्या अन्नांपैकी आमचे मन चान्यांपाशी थांबले. गुरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवायच्या आणि अडीनडीला निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून खायच्या. पाणी उडाले की मांस कुजत नाही. उरलेल्या पट्टीत प्रथिने, लोह आणि जस्त एकवटतात. निखाऱ्याचा धूर तिला खमंगपणा देतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये गाईबैलांच्या छातीचे मांस लाकडाच्या धुरावर तासन्‌तास शिजवतात, ते पक्वान्न ठरते. आमच्याकडे चान्यांचे नाव दबक्या आवाजात निघते. हा भेद चवीचा नाही, जातीचा आहे.

येथे एक पेच उभा राहतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत गुरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. मग या अन्नाची नोंद का करावी? आमच्या मते यात विरोध नाही. तेव्हा नाकारली ती लादलेली लाचारी. या ग्रंथाने नाकारली ती लादलेली लाज.

मात्र अभिमानापोटी आरोग्य विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्येच खारवलेल्या, धुरावलेल्या मांसाची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. चान्या रोजच्या जेवणाच्या नव्हेत. शिवाय त्याच वर्षीच्या मार्चपासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. नियमांनुसार म्हशीच्या मांसाची वाट तेवढी उरली आहे. जुनी कृती विसरली जाण्याआधी ती लिहिली गेली, हे या ग्रंथाचे मोठे ऋण.

बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला अशुद्ध करीत नाही, हे शुभवर्तमान आपण मिस्सेत ऐकतो. म्हणून विनंती : हा ग्रंथ घरी वाचावा, आजीच्या कृती वहीत उतरवून ठेवाव्यात आणि आम्ही आलो तर भांडे झाकू नये.