‘स्मृतिचित्रे’ आणि साक्ष देण्याचे धैर्य

‘धैर्याने सुवार्ता सांगा’ हे आवाहन आपल्या प्रवचनांत, तपःसाधनेच्या शिबिरांत आणि युवकांच्या मेळाव्यांत वारंवार कानी पडते. त्याला आधारही भक्कम आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान धर्मसभेपुढे उभे केले जातात. ती अशिक्षित, सामान्य माणसे असून इतक्या मोकळेपणाने कशी बोलतात, याचे न्यायासनावरील मंडळींना आश्चर्य वाटते. पुढे सुटका झाल्यावर श्रद्धावंतांचा मेळा एकत्र प्रार्थना करतो, तेव्हा तो विरोधकांचा नाश मागत नाही. बोलण्याचे बळ मागतो. प्रार्थनेतील हा बारकावा आपल्या शिबिरांतील भाषणांत सहसा येत नाही. तेथे धैर्य म्हणजे मोठा आवाज असा काहीसा समज पसरलेला दिसतो. वैनगंगेच्या काठी कारध्यासारख्या गावी, जेथे ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी आणि शेजार सारा इतर धर्मीयांचा, तेथे हे धैर्य नेमके कोणत्या रूपात दिसावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी एका मराठी पुस्तकाकडे वळणार आहे. ते आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत तुकड्यातुकड्याने वाचलेले असते आणि बहुतेकांनी सबंध वाचलेले नसते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

‘टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, मग कॅथलिक त्रैमासिकात त्यांची चर्चा कशाला?’ असे विचारणारे वाचक आजही भेटतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश १९६४ मध्ये प्रसृत केला. त्यानंतरही ही शंका टिकून राहावी याचे नवल वाटते. पण तिचा येथे एवढाच समाचार पुरे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची कथा आपल्या जिल्ह्यातून जाते. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. भंडाऱ्याजवळच्या वरठीवरून गोंदियाकडे जाणारा, वैनगंगा ओलांडणारा लोहमार्ग तोच. गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे काव्यावरून आणि धर्मावरून बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते वाचन आरंभिले ते दिलेला शब्द पाळण्यासाठी. डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र त्यांना ते पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही कथा आपल्या प्रवचनकारांची फार आवडती. एक अनोळखी माणूस, एक पुस्तक, एक प्रवास आणि एका कवीचे अंतःपरिवर्तन. सारे कसे एका रेषेत येते! श्रोत्यांना सांगितले जाते की पाहा, धैर्याने दिलेल्या एका साक्षीने मराठीला केवढा कवी आणि ख्रिस्तसभेला केवढा सेवक मिळवून दिला. यात असत्य काही नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, की ‘स्मृतिचित्रां’तून आपण नेमका हा भाग उचलतो आणि त्यानंतरचा मजकूर मुकाट्याने ओलांडतो. एका प्रवचनमालेच्या पुस्तिकेत तर बाप्तिस्म्यानंतरच्या पुढच्याच वाक्यात लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झालेल्या मी वाचल्या आहेत. या दोन घटनांमध्ये पाच वर्षे आहेत. आणि माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा गाभा त्याच पाच वर्षांत आहे.

ती वर्षे कशी गेली? १८९५ मध्ये ब्राह्मण नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्याच्या बायकोचे काय होते, याला त्या समाजापाशी शब्द नव्हता. ती विधवा नव्हे आणि सवाष्ण म्हणावी तर कोणाची? पदरी लहान मुलगा. नातलगांच्या आश्रयाने, कधी पंढरपुरात, कधी अन्यत्र, त्यांनी दिवस काढले. लक्ष्मीबाई हे सारे लपवीत नाहीत आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. स्वतःच्या वेड्यासारख्या रडण्याचे वर्णन करता करता त्या मध्येच वाचकाला हसवतात. बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घेणाऱ्या आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे चित्र त्या ज्या मिस्कीलपणे रेखाटतात, त्याच मिस्कीलपणे त्या स्वतःच्या भाबडेपणाकडेही पाहतात. टिळकांचे मोठेपण आणि त्यांचा विक्षिप्तपणा एकाच वाक्यात बसवण्याची त्यांची हातोटी मराठीत दुसऱ्या कोणाला साधलेली मला आढळत नाही. टिळकांच्या धैर्याची किंमत टिळकांनी एकट्याने मोजली नाही, ती मोठ्या प्रमाणात त्यांच्या पत्नीने मोजली, हे सत्य त्या निमूटपणे वाचकापुढे ठेवतात. आपल्या चरित्रलेखनात हे घडत नाही. संतांची, मिशनऱ्यांची, समाजसेवकांची आपली चरित्रे वाचावीत. त्यांतील घरची माणसे केवळ पार्श्वभूमीला असतात.

पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्या आपले सोवळे घेऊन परतल्या. त्यांचे पाणी वेगळे, त्यांचे स्वयंपाकघर वेगळे. सुवार्तेचा एवढा ओजस्वी प्रचारक, आणि त्याच्याच घरात त्याच्या शुभवर्तमानाला एक बंद दार! आजच्या एखाद्या उत्साही प्रचारकाला हे लाजिरवाणे वाटेल. टिळकांनी मात्र ती सोय राखली, पत्नीवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही आणि वाट पाहिली. जातिभेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्या त्यांच्या वेळी उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी त्यांच्या त्यांच्या बुद्धीने दिले आणि मग सोवळ्याची ती भिंत त्यांनी स्वतः पाडली. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याच्यावर आपला अधिकार चालतो, त्याच्यावर तो न चालवणे याला नागपूर–राजनांदगावच्या गाडीतील संभाषणापेक्षा अधिक धैर्य लागले असले पाहिजे. गाडीतला सहप्रवासी पुढच्या स्थानकावर उतरून जातो. घरातले माणूस रोज सकाळी समोर असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र आणि मिशनकार्याविषयीचा आदेश एकाच दिवशी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, जाहीर केले. हे दोन दस्तऐवज एकत्र वाचावयाचे असतात. दुसऱ्यातच, श्रद्धा स्वीकारण्यासाठी कोणावर बळजोरी करण्यास किंवा कोणाला आमिषाने ओढण्यास ख्रिस्तसभेची सक्त मनाई आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरविषयक कायदा केला. रायपूरच्या फादर स्टॅनिस्लाउस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की घटनेच्या २५ व्या अनुच्छेदातील प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडून त्याचा प्रसार करण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. या निर्णयावर आपल्या विद्वानांनी पुष्कळ टीका केली आहे आणि तीत तथ्यही आहे, कारण स्वेच्छेने धर्म बदलू पाहणाऱ्या माणसाच्या हक्काचा विचार त्यात तोकडा पडतो. परंतु धर्मांतर हे कोणी कोणाचे ‘घडवायचे’ असते, ही कल्पना आपणच आपल्या बोलण्यातून पसरवली नाही काय? ‘अमुक फादरांनी एवढे लोक ख्रिस्ती केले’ ही भाषा आपल्या जुन्या अहवालांत जागोजागी आहे. लक्ष्मीबाईंना कोणी ख्रिस्ती ‘केले’ नाही. त्या झाल्या.

या निकषावर आपल्या कॅथलिक परंपरेतील थोर ग्रंथही घासून पाहावा लागतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! परक्या देशाच्या माणसाने मराठीचे जे प्रेम तेथे प्रकट केले आहे, त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे आणि मीही त्या ओव्यांचा भक्त आहे. ग्रंथ प्रेमाने लिहिला यात संशय नाही. पण तो वाचणाऱ्या साष्टीच्या नवख्रिस्तींचे काय? त्याआधी १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली होती. गोव्यात धर्मन्यायालय १५६० मध्येच स्थापन झाले होते. जुनी पुराणे हातून गेल्यावर लोकांना ऐकण्यावाचण्यास काही हवे होते, म्हणून हे पुराण आले. स्टीफन्स यांनी भाषेचे धैर्य दाखवले. लॅटिन आणि पोर्तुगीज यांच्या दरबारात त्यांनी ओवीला मानाचे पान दिले. राज्यसत्ता मात्र त्यांच्या पाठीशी उभी होती आणि श्रोत्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक फारशी नव्हती. टिळकांच्या पाठीशी अशी सत्ता नव्हती. धर्मांतराने त्यांचे आप्त गेले, प्रतिष्ठा गेली. म्हणून काव्य म्हणून मी स्टीफन्सना वर ठेवीन, साक्ष म्हणून टिळकांच्या घराला.

आपल्या भागातील वाचकाला धर्मांतर ही गोष्ट परकी वाटू नये. भंडारा मतदारसंघातून १९५४ ची पोटनिवडणूक लढवून पराभूत झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. आपल्या शेजारच्या कित्येक घरांचा इतिहास त्या दिवसापासून नव्याने सुरू होतो. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचाही विचार केला होता. भारतीय ख्रिस्ती समाजाविषयी त्यांचा मुख्य आक्षेप असा की हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध तोंड उघडत नाही. शिवाय बाप्तिस्मा घेतल्यावरही जात त्याला सोडत नाही. हा आक्षेप वाचून माझी मान खाली जाते, कारण विवाहाच्या बोलणीत आमच्या कुटुंबांत अजूनही काय विचारले जाते ते मला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जात टाकली. आपण बाप्तिस्मा घेऊन ती जपली. कारध्याच्या पुलावरून पलीकडे जाऊन सुवार्ता सांगण्याआधी हा जमाखर्च घरी मांडलेला बरा.

आता ‘स्मृतिचित्रां’तील मला सर्वांत प्रिय असलेल्या पानांविषयी. अहमदनगरच्या टिळकांच्या घरात अनाथ मुले होती, येणारेजाणारे होते, उधारउसनवार होती आणि काही काळ ठोंबरेही होते. ठोंबरे म्हणजे आपले बालकवी. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात हा मुलगा पुढे आला आणि पुढे टिळकांच्या घरचाच होऊन गेला. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे, त्याचे हट्ट आणि त्याची भूक आईच्या मायेने टिपली आहे. मराठीतील दोन कवी एका छपराखाली. थोरला ख्रिस्ती आणि धाकटा हिंदू. धाकटा त्या घरात जेवला, रागावला, निघून गेला, परत आला आणि १९१८ मध्ये भादली येथे रेल्वेच्या अपघातात गेला तो हिंदू म्हणूनच. टिळकांचा प्रचार येथे अपयशी ठरला, असे कोणी म्हणू शकेल. मला ही पाने त्या घराच्या ख्रिस्तीपणाचा सर्वांत खात्रीचा पुरावा वाटतात. अन्नाला अट नव्हती.

या ग्रंथाला दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धात प्रसंगांची गर्दी होते, माणसे येतात आणि ओळख पटण्याआधीच नाहीशी होतात. टिळकांच्या धर्मचिंतनात जे बदल होत गेले, ज्यांतून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यांची वैचारिक बाजू लक्ष्मीबाईंच्या हाती पुरती येत नाही. ती इतरत्र शोधावी लागते.

आणखी एका ग्रंथाशी तुलना केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि दहा-साडेदहा अध्याय झाल्यावर, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. ज्या पत्नीला त्यांनी अक्षरे गिरवावयास शिकवले, तिने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्ताने, जोडला. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. त्या चिकाटीपुढे हात जोडावेत असेच ते काम आहे. पण ‘ख्रिस्तायन’ आज ख्रिस्ती घरांतही क्वचित दिसते, आणि १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेले ‘स्मृतिचित्रे’ महाराष्ट्रात सर्व धर्मांच्या घरांत वाचले जाते. लेखिका एकच, श्रद्धा एकच. महाकाव्यात त्या प्रभूचे चरित्र सांगावयास बसतात तेव्हा भाषा सोवळ्यात गेल्यासारखी आवरून-सावरून चालते. आत्मचरित्रात त्या केवळ आपल्या संसाराची हकीकत सांगतात. तेथे वाचक, मग तो मंदिरात जाणारा असो की विहारात, पान उलटीत राहतो आणि मध्यरात्री केव्हातरी त्याच्या लक्षात येते की या बाईंच्या घरात प्रभू येशूही राहत होता.