महानगरातील अनोळखी चेहरा : न्यूयॉर्कमधील तीन छायाचित्रमालांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

गावात माणूस माणसाला नावाने ओळखतो. महानगरात तो केवळ चेहरा पाहतो आणि पुढे जातो. रोज हजारो चेहरे नजरेसमोरून सरकतात आणि त्यांतील एकाचेही नाव ठाऊक नसते. महानगरीय जीवनाचे हे वैशिष्ट्य कथा-कादंबरीने टिपले, तसेच ते छायाचित्रणानेही टिपले. ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ म्हणून ओळखला जाणारा रस्त्यावरील छायाचित्रणाचा प्रकार या अनोळखीपणावरच उभा आहे. मात्र कादंबरीकार आणि छायाचित्रकार यांच्यात एक मूलभूत भेद आहे. कादंबरीकार दिसलेल्या माणसाचे नाव, रूप, व्यवसाय बदलून त्याचे पात्र करू शकतो. छायाचित्रकाराला ही सवलत नाही. त्याच्या चित्रातील चेहरा एका जिवंत माणसाचा असतो आणि तो माणूस ते चित्र कधीतरी पाहण्याचा संभव असतो.

या प्रकारातील छायाचित्रांचे मूल्यमापन करताना सामान्यतः दोन निकष वापरले जातात. पहिला निकष स्वाभाविकतेचा होय. ज्याचे छायाचित्र घेतले त्याला ते कळले नसेल तर चित्र अधिक खरे, असे यात गृहीत धरलेले असते. दुसरा निकष परवानगीचा होय. कायद्याने मुभा दिली किंवा संबंधिताने होकार दिला की प्रश्न मिटला, अशी त्यामागील धारणा असते. प्रस्तुत लेखात वॉकर इव्हान्स, ब्रूस डेव्हिडसन आणि फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या तीन अमेरिकी छायाचित्रकारांच्या न्यूयॉर्कमधील छायाचित्रमालांच्या आधारे हे दोन्ही निकष तपासले आहेत. शहर एकच, विषयही एकच; परंतु अनोळखी माणसासमोर उभे राहण्याची तिघांची रीत निराळी असल्याने ही तुलना उद्बोधक ठरते.

वॉकर इव्हान्स : दडवलेला कॅमेरा

वॉकर इव्हान्स (१९०३-१९७५) यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांची छायाचित्रे घेतली. ‘कॉन्टॅक्स’ हा लहान कॅमेरा त्यांनी ओव्हरकोटाखाली दडवला होता. त्याचे चकाकणारे भाग काळ्या रंगाने झाकले होते, भिंग कोटाच्या दोन बटणांच्या मधून डोकावत असे आणि शटर दाबण्याची तार बाहीतून हातापर्यंत आणली होती. फ्लॅश वापरायचा नव्हता आणि कॅमेऱ्यातून पाहून चौकट ठरविण्याचीही सोय नव्हती. समोरच्या बाकावर कोण येऊन बसेल हे प्रवासच ठरवीत असे. पुढे स्वतः ख्यातनाम झालेल्या छायाचित्रकार हेलन लेव्हिट या प्रवासांत अनेकदा त्यांच्या सोबत असत.

या मार्गाने इव्हान्स यांनी चौकट ठरविण्याचा आपला अधिकार जवळजवळ सोडून दिला. चित्रे अंधूक आहेत, चौकटी थोड्या कललेल्या आहेत. फरची कॉलर असलेली स्त्री, टोपी घातलेला कामगार, वर्तमानपत्रामागे अर्धवट दिसणारा गृहस्थ असे प्रवासी एकामागून एक समोर येतात. या चेहऱ्यांवर आढळते ती एक प्रकारची रिकामी स्तब्धता.

अनेकांनी या स्तब्धतेत मुखवटा गळून पडलेला खरा माणूस पाहिला आहे. हे मत काळजीपूर्वक तपासावे लागेल. भुयारी रेल्वेच्या डब्यात दोन बाकांवरील माणसे एकमेकांसमोर बसतात आणि एकमेकांकडे न पाहण्याचा अलिखित संकेत पाळतात. परक्या नजरांपासून स्वतःला वाचविण्यासाठी धारण केलेला कोरा चेहरा हा देखील सार्वजनिक जीवनातील मुखवटाच होय. इव्हान्स यांच्या कॅमेऱ्याने मुखवट्याखालचा माणूस पकडला असे म्हणण्यापेक्षा महानगराचा सर्वांत प्रचलित मुखवटा पकडला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्यांच्या चित्रांचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. उलट समाजशास्त्रीय दृष्ट्या ते वाढते.

या मालेचा प्रकाशन-इतिहासही लक्षणीय आहे. जेम्स एजी यांनी तिच्यासाठी १९४० मध्ये प्रस्तावना लिहिली होती. तरीही ‘मेनी आर कॉल्ड’ हे पुस्तक १९६६ मध्ये, म्हणजे चित्रणानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. तोपर्यंत एजी यांचे निधन होऊन अकरा वर्षे लोटली होती. मधल्या काळात मोजकीच चित्रे बाहेर आली. प्रवाशांच्या खासगीपणाचा विचार हे या विलंबामागील एक कारण मानले जाते. इव्हान्स यांनी पुढे स्वतःला गुप्तहेराच्या जातीत बसविले आणि त्यात पश्चात्तापाचा सूर मिसळला. त्यांनी परवानगी घेतली नाही. पण घेतलेल्या वस्तूबद्दल आपण काही देणे लागतो, याची जाणीव त्यांना होती. काळ जाऊ देणे हेच त्यांनी दिलेले मोल होते.

ब्रूस डेव्हिडसन : दिसणारा कॅमेरा

ब्रूस डेव्हिडसन यांचा जन्म १९३३ चा. १९६०-७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ईस्ट १०० स्ट्रीटवरील रहिवाशांचे चित्रण त्यांनी तिपाईवर ठेवायच्या मोठ्या कॅमेऱ्याने, घरोघरी परिचय करून घेऊन केले होते आणि छायाचित्रांच्या प्रती त्या कुटुंबांना दिल्या होत्या. १९८० मध्ये ते भुयारी रेल्वेकडे वळले. तेव्हा ही रेल्वे मोडकळीस आलेली, गुन्ह्यांसाठी कुप्रसिद्ध आणि आतून-बाहेरून रंगांच्या फवाऱ्यांनी चितारलेली होती. डेव्हिडसन यांनी या कामासाठी व्यायाम करून शरीर कमावले. कारण महागडा कॅमेरा गळ्यात अडकवून या डब्यांतून हिंडण्यात धोका होता. प्रारंभीची कृष्णधवल चित्रे बाजूस सारून ते रंगीत फिल्मकडे वळले आणि डब्यातील अपुऱ्या उजेडामुळे फ्लॅशचा सर्रास वापर केला. ‘सबवे’ हे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

फ्लॅश वापरणारा माणूस लपून राहू शकत नाही. एकदा प्रकाश चमकला की सारा डबा वळून पाहतो. डेव्हिडसन यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. भुयारी रेल्वेतच काढलेल्या चित्रांचा एक छोटा अल्बम ते जवळ बाळगत. कधी तो दाखवून आधी विचारीत. कधी आधी चित्र घेत, मग अल्बम उघडून आपण काय करीत आहोत ते सांगत आणि प्रत पाठविण्याचे वचन देत. या देवाणघेवाणीचा परिणाम चित्रांवर स्पष्ट दिसतो. त्यांतील अनेक माणसे भिंगाकडे सरळ पाहतात. काहींच्या नजरेत संशय आहे, काहींच्या आव्हान, काहींच्या थकवा. छायाचित्रकार त्यांना पाहत आहे, तसे तेही त्याला जोखत आहेत. भिंतींवरील अक्षरांची गर्दी, पोलादावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि त्यामध्ये ताठ बसलेला माणूस यांतून भय व देखणेपण एकाच वेळी प्रतीत होते.

अर्थात डेव्हिडसन यांची रीत निर्दोष होती, असे म्हणता येणार नाही. अंधाऱ्या डब्यात अचानक चमकणारा प्रकाश हीच एक आगळीक आहे. साध्या वेशातील पोलिसाने एका माणसावर पिस्तूल रोखल्याचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र पाहताना त्या माणसाच्या संमतीचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. तथापि एक गोष्ट निश्चित. ज्याचे चित्र घेतले त्याला ‘का घेतलेस?’ असे विचारण्याची संधी डेव्हिडसन यांच्या बहुतेक व्यवहारांत उपलब्ध होती, कारण विचारण्यासाठी समोर माणूस होता.

डिकॉर्सिया : दूरचा कॅमेरा

फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया (जन्म १९५१) यांनी १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअर येथे ‘हेड्स’ ही माला घडविली. पदपथावरील परांचीवर त्यांनी फ्लॅशचे दिवे बसविले आणि सुमारे वीस फुटांहून अधिक अंतरावरून दूरच्या भिंगाने त्या दिव्यांखालून जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. हजारो चित्रांतून अखेर सतराच निवडली. भर दिवसा घेतलेल्या या चित्रांत पार्श्वभूमी काळोखी आहे आणि त्या काळोखातून एकच चेहरा उजळून वर येतो. धार्मिक चित्रांत वा रंगमंचावर आढळणारा हा प्रकाश विचारात हरवलेल्या सामान्य पादचाऱ्याला विलक्षण प्रतिष्ठा देतो.

येथे स्वाभाविकतेच्या निकषाची मर्यादा उघड होते. या माणसांपैकी कोणीही चित्रासाठी उभे राहिले नव्हते, तरीही चित्रे चित्रपटातील दृश्यांसारखी रचलेली वाटतात. याउलट डेव्हिडसन यांची माणसे कॅमेऱ्याची जाण ठेवून बसली आहेत, तरी ती अधिक जिवंत भासतात. माणसाला नकळत टिपले म्हणजे सत्य हाती लागले, हे समीकरण या तुलनेपुढे टिकत नाही.

परवानगीचा निकषही याच मालेच्या निमित्ताने न्यायालयात तपासला गेला. २००१ मध्ये ही चित्रे न्यूयॉर्कच्या एका कलादालनात मांडली गेली. त्यांतील एका चित्राच्या दहा प्रती प्रत्येकी २० ते ३० हजार डॉलरना विकल्या गेल्या. ज्यांचा चेहरा त्यात होता त्या पारंपरिक ज्यू पंथीय वृद्ध गृहस्थांना ही गोष्ट २००५ मध्ये कळली आणि त्यांनी दावा दाखल केला. खासगीपणाच्या भंगाबरोबरच, प्रतिमेविषयीच्या आपल्या धार्मिक श्रद्धेला बाध येतो, हाही त्यांचा आक्षेप होता. व्यापारासाठी एखाद्याचे चित्र त्याच्या संमतीविना वापरण्यास न्यूयॉर्क राज्याचा कायदा मनाई करतो. परंतु ही छायाचित्रे कलाकृती आहेत, व्यापारी वापर नव्हे, असे म्हणून न्यायालयाने २००६ मध्ये दावा फेटाळला. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल कायम केला. मात्र तो प्रामुख्याने एक वर्षाची मुदत उलटून गेल्याच्या मुद्द्यावर. ही मुदत पहिल्या प्रकाशनापासून मोजली गेली, संबंधिताला कळल्यापासून नव्हे.

कलास्वातंत्र्याच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व मान्य केलेच पाहिजे. प्रत्येक पादचाऱ्याची लेखी संमती आवश्यक ठरली, तर रस्त्यावरील छायाचित्रणाची सारी परंपराच संपुष्टात येईल. इव्हान्स यांची मालाही मग शक्य झाली नसती. तरीही कायद्याने प्रश्न निकाली काढला म्हणजे तो सुटला असे होत नाही. आपले चित्र काढले गेले हेच ज्या माणसाला ठाऊक नव्हते, त्याने आक्षेप वेळेत घ्यायचा कसा? डिकॉर्सिया यांच्या रचनेत अशा आक्षेपाला मुळातच जागा नव्हती. इव्हान्स यांनी निदान काळ जाऊ दिला, डेव्हिडसन यांनी अल्बम पुढे केला. येथे मात्र संबंधिताशी पहिला संवाद वकिलांमार्फत झाला.

उत्तरदायित्वाचा निकष

सुसान सोंटॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’ या ग्रंथात छायाचित्रणातील आक्रमकतेकडे लक्ष वेधले. छायाचित्र घेण्यात दुसऱ्यावर अतिक्रमण असते, अशी त्यांची मांडणी आहे. ही मांडणी प्रभावी असली तरी तिच्यात इव्हान्स, डेव्हिडसन व डिकॉर्सिया सारखेच दोषी ठरतात आणि त्यांच्यातील भेद पुसला जातो. एरिएला अझुले यांनी २००८ मध्ये मांडलेला विचार येथे अधिक उपयुक्त आहे. त्यांच्या मते छायाचित्र हे छायाचित्रकार, चित्रित व्यक्ती आणि प्रेक्षक या तिघांमधील संबंध आहे. त्यावर एकट्या छायाचित्रकाराची मालकी नसते. हा विचार स्वीकारल्यास समीक्षेचा प्रश्न बदलतो. चित्रित व्यक्तीला कळले होते का, किंवा तिने होकार दिला होता का, एवढ्यावर न थांबता तिच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी छायाचित्रकार कोठे उभा आहे, हे विचारावे लागते. यालाच उत्तरदायित्वाचा निकष म्हणता येईल.

हा निकष केवळ नैतिक नाही. डेव्हिडसन यांच्या चित्रांतील परत येणारी नजर आणि डिकॉर्सिया यांच्या चित्रांतील एकाकी, कोणाचीच नसलेली नजर या रचनाविशेषांचा उगम छायाचित्रकाराच्या उभे राहण्याच्या जागेत आहे. म्हणून तो सौंदर्यविचाराचाही भाग ठरतो.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न आता न्यूयॉर्कपुरता राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा सर्वस्वी संपत नाही, हा विचारही त्यात आहे. दुसरीकडे मोबाईल कॅमेऱ्यामुळे लोकलच्या डब्यातील प्रत्येक प्रवासी इव्हान्स यांच्या जागी येऊन बसला आहे. त्यांना कोटाखाली जे महत्प्रयासाने दडवावे लागले, ते आज उघड्या तळहातावर दडते. आणि त्यांनी पाळलेला पंचवीस वर्षांचा विलंब काही सेकंदांवर आला आहे.

याच साधनाचा निराळा उपयोगही मुंबईत झाला आहे. वृत्तछायाचित्रकार अनुश्री फडणवीस यांनी लोकलच्या महिला डब्यातील चित्रे मोबाईलवर टिपून ‘ट्रेन डायरीज’ ही माला घडविली. स्वतः त्याच डब्यातील प्रवासी असलेल्या स्त्रीने ती घेतली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. येथे छायाचित्रकार बाहेरून आलेली नाही. उद्या त्याच फलाटावर तिची पुन्हा गाठ पडू शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. नकळत घेतलेले छायाचित्र आपोआप सत्य ठरत नाही. कोरा चेहराही मुखवटा असू शकतो. कायद्याची मुभा कलेच्या अस्तित्वासाठी आवश्यक आहे, परंतु चित्रित व्यक्तीचे देणे तिने फिटत नाही. विलंब, अल्बम, प्रत पाठविण्याचे वचन किंवा सहप्रवासाचे नाते अशा वाटांनी छायाचित्रकार हे देणे मान्य करतो आणि त्याची खूण चित्राच्या रचनेत उमटते. महाविद्यालयांतील जनसंज्ञापन व ललितकला विभागांचे विद्यार्थी आज प्रकल्पासाठी कॅमेरा घेऊन बाजारात, स्थानकावर, वस्तीत जातात. त्यांना छिद्र, वेग आणि चौकट शिकविली जाते. ज्याचे चित्र घेतले तो माणूस उद्या दारात येऊन उभा राहिला तर त्याला काय सांगशील, हा प्रश्नही त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग व्हावयास हवा.