पहिल्याच चेंडूवर बाद

बुक क्रिकेट खेळला नाही असा विद्यार्थी परभणी जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. पाठ्यपुस्तक कोठेही उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा अंक पाहायचा. २, ४ किंवा ६ आला तर तेवढ्या धावा, ८ आला तर निर्धाव चेंडू (काही शाळांत आठ धावाही देतात; त्या कोणत्या मैदानावर निघतात कोण जाणे!) आणि शून्य आले की फलंदाज बाद.

हाच खेळ एका हौशी गृहस्थाने झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकासाठी बेसिक भाषेत लिहून फुकट वाटला आहे. स्पेक्ट्रम १९८२ साली ब्रिटनमध्ये निघाला. डेसिबेल्स कंपनीने १९८०च्या दशकात तो भारतातही विकला. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आजच्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली मिळते. तिच्यावर हा खेळ आम्ही जिंतूर तालुक्यातील एका शाळेत नववीच्या मुलांना दाखवला.

चित्रे नाहीत, आवाज म्हणजे एक कर्कश पिपाणी. गोलंदाज, खेळपट्टी, क्षेत्ररक्षण यांचा पत्ता नाही. मुले पाच मिनिटांत कंटाळणार, अशी आमची अटकळ होती. झाले वेगळेच. पहिले दोन्ही फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तरी तेच. तिसऱ्या खेपेला मुले हसू लागली. तिसरा फलंदाज येऊन आधी चौकार आणि मग षटकार मारणार, हे एव्हाना त्यांना पाठ झाले होते.

हा या खेळातील सर्वांत मोठा दोष, आणि आमच्या मते शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ. स्पेक्ट्रमला चिठ्ठी काढता येत नाही, तो गणित करतो. मागील संख्येत १ मिळवायचा, ७५ने गुणायचे, ६५५३७ने भागून बाकी घ्यायची आणि तिच्यातून १ वजा करायचा. आलेल्या संख्येला ६५५३६ने भागले की शून्य आणि एक यांच्यामधला अपूर्णांक हाती येतो. यंत्र सुरू होताना 'मागील संख्या' शून्य असते. म्हणून पहिली संख्या ७४, दुसरी ५६२४, तिसरी २८६५२. त्यांचे अपूर्णांक ०.००१, ०.०८६ आणि ०.४३७. खेळ या अपूर्णांकाला पाचने गुणून पूर्णांक तेवढा ठेवतो आणि त्याची दुप्पट धावा देतो. पहिल्या दोन वेळा शून्य येते, तिसऱ्या वेळी दोन, म्हणजे चार धावा. फळ्यावर करून पाहावे, दहा मिनिटांचे काम आहे. 'रँडमाइझ' ही एक आज्ञा आरंभी घातली असती तर यंत्राने सुरू झाल्यापासून लोटलेल्या वेळेवरून सुरुवात केली असती आणि रोज नवा सामना झाला असता. कर्ता ती विसरला. आम्ही ती घातली, कारण खेळ थांबवून त्याच्या ओळी पाहता आणि बदलता येतात. केव्हिन टॉम्स यांचा १९८२चा 'फुटबॉल मॅनेजर' विकत घ्यावा लागे, पण तोही बेसिकमध्ये असल्याने असाच उघडता येई. मुलांच्या हातातील मोबाइलवरचे क्रिकेट कितीतरी देखणे आहे, पण तेथे फलंदाज का बाद झाला हे विचारायची सोय नाही. १९८४च्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. त्यांनाही बेसिक येत होती. अशा खेळांचा तेथे किती उपयोग झाला असता, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरा दोष हिशेबाचा. दर चेंडूला बाद होण्याची शक्यता १/५, म्हणून एक फलंदाज सरासरीने पाच चेंडू टिकतो आणि १२ धावा करतो. सगळा संघ ५० चेंडूंत १२० धावांवर गारद! हे क्रिकेट नव्हे, असे मुलांनीच सांगितले. मग खरा आकडा कोणता? सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यांत ४५२ डाव खेळला, ४१ वेळा नाबाद राहिला, म्हणजे ४११ वेळा बाद झाला. चेंडू खेळला सुमारे २१,३७० आणि धावा केल्या १८,४२६. भागाकार केला तर बाद होण्याची शक्यता दर चेंडूला १/५२ येते आणि दर चेंडूला धावा ०.८६. शंभर धावांसाठी ११६ चेंडू टिकले पाहिजे. ५१/५२चा ११६वा घात सुमारे ०.१०५ येतो. ४५२ डावांत शतके व्हावीत ४७ किंवा ४८. प्रत्यक्षात झाली ४९.

आम्हीही चकित झालो. इतका मेळ बसण्यात दैवाचा वाटा आहे हे सांगितले पाहिजे, कारण नाबाद डाव मध्येच तुटलेले असतात आणि ते नीट धरले तर अपेक्षित शतके थोडी कमी भरतील. तरीही या ओबडधोबड खेळाचा सांगाडा खोटा नाही, त्यातला आकडा तेवढा खोटा होता.

मात्र मागच्या बाकावरील एका मुलीचे समाधान झाले नव्हते. "सर, नुकताच आलेला फलंदाज आणि नव्वदवर खेळणारा, दोघांची बाद व्हायची शक्यता सारखीच कशी?" आक्षेप अगदी नेमका होता. निम्म्या चेंडूंवर धाव निघते असे धरले, तर या हिशेबाने शून्यावर बाद होण्याचे प्रसंग सुमारे १७ यावेत. तेंडुलकर २० वेळा शून्यावर बाद झाला. फरक तिच्या बाजूचा आहे, पण १७च्या आसपास चारचा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो, तेव्हा एका फलंदाजावरून निकाल देता येत नाही. तिने आता इतर फलंदाजांचे आकडे वहीत उतरवायला घेतले आहेत. खेळात पहिल्या दहा चेंडूंपुरती वेगळी शक्यता घालणारी ओळही तिनेच लिहिली आहे. त्या ओळीत ५२च्या जागी काय घालायचे, ते अजून ठरायचे आहे.